बिनखर्ची मुंबई

आमच्या मोठ्या भाऊजींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांचा ऊस आणि दुसरी म्हणजे मुंबईत त्यांनी स्वतःच्या पैशानं कधी चहा घेतला नव्हता. उसाचं मी एक वेळ समजू शकते. देवळाली प्रवरेच्या काळ्या जमिनीत, कॅनॉलच्या पाण्यावर ऊस येतो यात भाऊजींचं कर्तृत्व काही नव्हतं, पण निदान तो उभा तरी दिसायचा. चहाचे पैसे न दिल्याचा अभिमान मात्र मला आजतागायत कळलेला नाही. पंचवीस एकरांचा बागायतदार, घरात दोन बैलजोड्या, दाराशी मोटारसायकल, आणि हा माणूस न्हाव्याच्या दुकानात बसून सांगायचा, "मुंबईला पैसं लागत्यात ते येड्याला. शान्याला डोकं लागतं."

हे डोकं म्हणजे काय, तर गावातल्या कोणाचा कोण मुंबईत कुठल्या चाळीत, कितव्या मजल्यावर राहतो, एवढं तोंडपाठ असणं. स्वतःची पोरं कितवीत आहेत हे विचारलं तर भाऊजी बायकोकडे बघायचे, पण परळच्या एखाद्या खोलीचा नंबर विचारा, झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगतील. साखर कारखान्याच्या कामासाठी ते दोन-चारदा मुंबईला जाऊन आले होते आणि त्यातून त्यांनी शहर पाहण्याची एक पद्धतच बसवली होती. कुठं काय बघण्यासारखं आहे हे त्यांच्या लेखी दुय्यम. तिथं जवळ आपलं कोण राहतं हे आधी. राणीची बाग पाहायची ती लालबागला जेवणाची सोय आहे म्हणून. आणि पोचायचं ते बरोबर जेवणाच्या वेळेला. "लवकर गेलं तर च्यावर वाटं लावत्यात, उशिरा गेलं तर भांडी पालथी पडल्याली असत्यात," हे त्यांचं शास्त्र. ऐकणारे माना डोलवायचे. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला माणूससुद्धा मान डोलवायचा.

ज्या साली आम्ही गेलो ते दुष्काळाचं साल होतं. माझं माहेर तिसगावकडचं. तिकडे विहिरी तळाला गेल्या होत्या आणि चांगल्या घरच्या बायका रोजगार हमीच्या खडीवर बसल्या होत्या. आमच्याकडे कॅनॉलचं पाणी कमी झालं म्हणून ओरड होती, पण ऊस तुटून कारखान्याला गेला होता आणि हातात पैसा आला होता. अशा वेळी अक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, समुद्र पाहायचा हट्ट धरला. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई मुंबईला जाऊन आली होती आणि तिनं अक्कांना समुद्राचं असं काही वर्णन ऐकवलं होतं की त्यांना जेवण गोड लागेना. समुद्र पाहून त्या थोडा वेळ तरी गप्प बसतील, या आशेनं मीही मनातून त्या बेताला अनुकूल होते.

भाऊजींनी बरोबर मला आणि आमच्या ह्यांनाही घ्यायचं ठरवलं. घरात सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक! थोरला भाऊ असावा तर असा, वगैरे. मला त्यामागचं कारण लगेच कळलं होतं. माझी मावशी मुंबईत होती, डिलाईल रोडच्या एका चाळीत. तिचा नवरा गिरणीत. म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामाचं हक्काचं ठिकाण. माझी किंमत त्या प्रवासात एवढीच, की मी त्या खोलीची भाची होते.

मावशीबद्दल सांगायचं तर आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. मावशी तेव्हा लग्नाची. तिनं माझ्यासाठी स्वतःचं लग्न लांबवलं, आलेली दोन स्थळं परत पाठवली आणि मला वाढवलं. मग वय होऊ लागलं तेव्हा मिळाला तो गिरणीतला नवरा पत्करून ती मुंबईला गेली. माझ्या लग्नात आली, मांडवात माझ्यामागे उभी राहिली, आणि त्यानंतर आमची भेट नव्हती. मुंबई पाहायची मला तितकीशी हौस नव्हती. मला मावशी पाहायची होती. एक दुपार तिच्याजवळ बसायचं, तिच्या हातचं खायचं, आणि सासरी काय चाललंय ते कुणाला तरी एकदा सांगून टाकायचं. त्यासाठी मी भाऊजींबरोबर काशीलाही गेले असते.

मुंबईत तेव्हा रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, तिची भाकरी तोंडात फिरते, असं माहेरून कळलं होतं. म्हणून मी सासूबाईंना विचारून मावशीसाठी बाजरीचं पीठ घेतलं आणि घरच्या गुळाची एक ढेप फडक्यात बांधली. ते गाठोडं मी प्रवासभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. भाऊजींनी निघायच्या आधीच तिसगावच्या एका माणसाबरोबर मावशीला सांगावा धाडला: रविवारी दुपारी चौघं जेवायला येतो, दोन दिवस राहू. आगाऊ कळवलं म्हणून ते स्वतःवर खूष होते. एवढा विचार ते सहसा कुणाचा करत नसत.

मला आधी मावशीकडे जायचं होतं. पण ते भाऊजींना सांगणार कसं? आमच्या घरात सुनेनं मोठ्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि बोलायचं ते अक्कांशी. अक्का ते भाऊजींना सांगणार, भाऊजी त्यांना उत्तर देणार आणि ते माझ्याकडे येणार, सगळे एकाच खोलीत बसलेले असताना. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि त्या माणसाशी मी एक अक्षर बोलले नव्हते. मी अक्कांना म्हणाले, "आधी मावशीकडं गेलो तर बरं व्हईल." अक्कांनी ते पुढं सरकवलं.

"धाकलीला सांग," भाऊजी माझ्या डोक्यावरून बघत म्हणाले, "घरचं ठिकान शेवटाला ठेवायचं. तवर मानूस दमल्यालं असतं."

आमच्या ह्यांनी मान डोलवली. ह्यांना थोरल्या भावापुढे मान डोलवण्यापलीकडे कधी काही सुचलं नाही.

राहुरी स्टेशनवरून मनमाड आणि मनमाडहून मुंबई. तिकिटं मात्र काढावी लागली, कारण रेल्वेत आमचं कुणी नातलग नव्हतं. भाऊजींनी ते दुःख इगतपुरीपर्यंत उगाळलं. बोरीबंदरला उतरल्यावर त्यांनी फलाटावरच्या नळाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या मुंबईच्या देखत, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर अंघोळ केली आणि अंग पुसता पुसता म्हणाले, "लॉजवाला ह्याचं पैसं घेतो." मग फलाटावरच आम्ही घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक पारशी बाई आमच्याकडे बघत बघत गेली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि त्यात आधी भाऊजींनी जावं.

मग चालणं सुरू झालं. बस ही चीज भाऊजींच्या मते आजाऱ्यांसाठी होती. फोर्टातल्या त्या उंच दगडी इमारती आम्ही रस्त्यावरून बघितल्या, दुकानं काचेबाहेरून बघितली. अक्का एका कापडाच्या दुकानात शिरल्या आणि त्यांनी नोकराकडून साड्यांचा ढीग उतरवून घेतला. सगळ्यांचे पदर चोळून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडं नगरला ह्याच्यापरीस बरा माल मिळतो." नोकर बिचारा घड्या घालत बसला. भाऊजी बाहेर उभे राहून हसत होते. फुकटात दुकान बघितल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

समुद्र मात्र पाहिला. खोटं कशाला बोलू, गेटवेच्या कठड्याशी उभी राहिले आणि मला बोलावंसं वाटेना. केवढं ते पाणी! तिसगावच्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघितल्यावर आधी रागच येतो. मग वारा आला, खारट, ओला, आणि माझा राग गेला. अक्का खरोखरच गप्प झाल्या. हे हळूच माझ्याकडे बघून हसले. तीन वर्षांत प्रथमच दिवसाउजेडी ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं असेल. वाटलं, इथं तासभर बसावं. भाऊजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला चला, लालबागला पानं मांडली असत्याल." समोरच्या त्या भल्या मोठ्या हॉटेलाकडे बोट करून ते एवढंच बोलले, की आत चहा घेतला तर आपला एक गुंठा जाईल. समुद्राबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही. तो फुकटच असल्यामुळे त्यात डोकं चालवायला जागा नसावी.

वाटेत लिफ्टची हौस. एका कचेरीच्या इमारतीत भाऊजी आम्हाला घेऊन बेधडक घुसले. लिफ्टवाल्यानं विचारलं, "कुठं?" भाऊजी म्हणाले, "वर." वर गेल्यावर तो दार उघडून उभा राहिला. आम्ही कुणी उतरेना. "आता खाली," भाऊजी म्हणाले. खाली आल्यावर म्हणाले, "ह्या बाईमानसाला नीट कळलं न्हाई. आनखी येकदा घ्या वर." त्या माणसानं आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं. "काका," तो शांतपणे म्हणाला, "हा काय जत्रेतला पाळणा आहे का?" भाऊजी हसतच बाहेर पडले. अपमान त्यांनी हिशेबात खर्चाच्या बाजूला कधी धरलाच नव्हता. मी मात्र त्या लिफ्टवाल्याचा चेहरा विसरले नाही. त्याच्याइतकाच तिटकारा मला वाटत होता, फरक एवढाच की त्याला बोलता येत होतं.

लालबागला अक्कांचा चुलतभाऊ राहायचा. आमचं येणं त्याला ठाऊक नव्हतं. चाळीतली एक खोली, तीत नवरा-बायको, तीन पोरं आणि रात्रपाळी करून आलेला एक पुतण्या भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्याची बायको परातीत पीठ मळत होती. आम्ही दारात दिसलो तसा तिचा हात पिठात थांबला. अगदी थोडा वेळ. मग ती उठून हसून "या, या" म्हणाली. मळलेलं पीठ तिनं बाजूला ठेवलं आणि डब्यातून आणखी काढलं. डब्याच्या तळाला वाटी घासल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊजींना नाही आला. ते आत जाऊन एकुलत्या खाटेवर बसले होते आणि झोपलेल्या पुतण्याचे पाय त्यांनी बाजूला सरकवले होते.

आणि मग त्यांनी माझ्या मांडीवरचं गाठोडं घेतलं. विचारलंही नाही. फडकं सोडलं, गुळाची ढेप आणि पिठाची पिशवी काढून त्या बाईपुढे ठेवली. "घरचा गूळ हाय," मोठ्या दिलानं म्हणाले, "आमी रिकाम्या हातानं येनारी मानसं न्हाई." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. तिथं समोरच्या चाळीची भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते सुनेच्या तोंडात शोभलं नसतं, म्हणून ते तोंडात आलं नाही. मी अक्कांना कुजबुजले, "ते मावशीचं हुतं." अक्का म्हणाल्या, "आगं, मावशी घरचीच हाय. तिला काय?"

त्या रात्री आम्ही तिथंच राहिलो, बाहेरच्या गॅलरीत, पोरांना आत दाटीवाटीनं झोपवून. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. वाटेत उसाच्या रसाच्या गाड्याशी भाऊजी थबकले. भाव विचारून त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्या रसवाल्याला उसावर व्याख्यान दिलं: तुझा ऊस वाळलेला आहे, जात हलकी आहे, आमच्याकडे असला ऊस म्हशीपुढे टाकतात. रसवाला ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पाव्हणं, नगरचं का?" तो निघाला कोल्हारचा. बोलण्यावरून त्यानं बरोबर ओळखलं होतं. त्याचा चेहरा उजळला, त्यानं आम्हाला चार ग्लास रस दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. इतका आनंद झाला त्याला आमची बोली ऐकून, की मला भरून आलं. भाऊजींनी म्हशीपुढे टाकायच्या उसाचा दुसरा ग्लासही मागून संपवला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "बिऱ्हाड कुटं हाय तुमचं? मंडळी हितंच आसत्यात का?"

रसवाल्याचं हसू तिथंच मावळलं. "न्हाई बा," तो चरकाचं चाक फिरवायला लागला. "मी ह्या गाड्याखालीच झोपतो." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भाऊजी पुढं गेल्यावर म्हणाले, "खोटं बोलतो. अंगावरचं कापड बघितलं का? इस्तरीचं हाय."

दुसरी रात्रही लालबागलाच. रविवारी सकाळी मी चाळीच्या सामाईक नळावर त्या घरच्या बाईबरोबर भांडी घासायला बसले. ती पारनेरकडची, मोकळ्या स्वभावाची. दोन दिवसांत मी तिला कामात हातभार लावला होता, त्यामुळे माझ्याशी ती जरा मोकळेपणानं बोलली. म्हणाली, "राग नका मानू, बाई. तुमच्यातलं कुनी अवचित आलं की आमचा इलाज न्हाई. पन सांगावा आला म्हंजी आमी तयारीत ऱ्हातो."

"कसली तयारी?"

ती हसायला लागली. "शेजारनीकडं चावी द्यायची. तिनं भायेरून कुलूप घालायचं. आमी आत गपगार. पोरांच्या तोंडाला हात लावून बसायचं. पाव्हणा येतो, कुलूप बघतो, जातो. गावाकडच्या मानसाला कुलूप म्हंजी घरात कुनी न्हाई, येवढंच ठावं. आत मानूस ठिवून कुलूप घालत्यात हे त्याच्या सपनात पन येत न्हाई." तिनं राखेचा हात कमरेवर ठेवून भाऊजींची नक्कल केली, कुलूप हातात धरून उलटंसुलटं बघणाऱ्या माणसाची. मी इतकी हसले की हातातलं ताट निसटलं. भाऊजींना कुणीतरी पुरून उरणारं आहे याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

मग आम्ही निघालो. भाऊजींनी चालण्याचा वेग जेवणाच्या वेळेवर बेतलेला होता, त्यामुळे डिलाईल रोडच्या अलीकडे एका झाडाखाली आम्ही थोडं थांबलो, कारण आम्ही लवकर पोचत होतो. माझे हात रिकामे होते. मावशीसाठी काही म्हणून नव्हतं माझ्याजवळ, पण ते मी मनातून झटकून टाकलं. मावशी माझ्या हातांकडे बघणारी नव्हती. तिच्या चाळीचा जिना चढताना मी चौघांत पुढं होते. पदर सावरायचंही भान मला नव्हतं. अक्का मागून म्हणाल्या, "आगं हळू." लग्न झाल्यापासून मी कशासाठी एवढी घाई केली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला मावशीची खोली. दाराला कुलूप होतं.

मी ते आधी बघितलंच नाही. मी कडी वाजवली आणि हाक मारली, "मावशे!" दाराच्या आतून स्टोव्हचा घरघर आवाज येत होता. माझी हाक गेली आणि तो आवाज थांबला. स्टोव्हची चावी सोडल्यावर हवा निघून जाते तसा फुस्स आवाज झाला, आणि मग काहीच नाही. दाराच्या वरच्या झडपेतून भाजलेल्या भाकरीचा वास येत होता. मग माझी नजर खाली गेली आणि कुलूप दिसलं. नवं, पितळी, अजून झुलत होतं.

मागून भाऊजी आले. त्यांनी कुलूप हातात घेतलं आणि उलटंसुलटं बघितलं.

शेजारची बाई उंबऱ्यात सुपातले तांदूळ निवडत होती. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाली, "घरात नाहीत ते. कुर्ल्याला गेलेत." मग माझ्याकडे बघून, "देवळालीचे चौघं येणार म्हणून सांगावा होता. तुम्हीच का ते?"

तोपर्यंत त्या सबंध प्रवासात मी मनातल्या मनात एका बाजूला उभी होते. भाऊजी तसले, अक्का तसल्या, आमचे हे तसले, आणि मी त्यांच्यातली नाही. स्टेशनवर, दुकानात, लिफ्टमध्ये, प्रत्येक ठिकाणी मी लोकांच्या बाजूनं आमच्याकडे बघत होते. मावशीनं तसं काही बघितलं नव्हतं. तिच्याकडे चौघांचा सांगावा आला होता आणि चौघांत मी होते. ती भाऊजींपासून लपली नव्हती, आमच्यापासून लपली होती. "व्हय," मी म्हणाले. "आमीच."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मावशीचा राग मात्र अजिबात आला नाही. रेशनच्या मिलोवर घर चालवणाऱ्या बाईनं चार धडधाकट बागायतदारांना दोन दिवस पोसायचं कशातून? मला राग आला तो या गोष्टीचा, की आम्ही तिला ही वेळ आणली. माझ्या मावशीला, जिनं माझ्यासाठी दारातली स्थळं परत पाठवली होती, तिला स्वतःच्या घरात श्वास रोखून बसायची वेळ आणली.

भाऊजींनी गॅलरीतली सावली बघितली. "बसू की हितंच," ते म्हणाले. "कुर्ला काय लांब न्हाई. येत्याल चार वाजंस्तवर." आणि ते दाराला पाठ टेकून खाली बसले. टोपी काढून वारा घ्यायला लागले. अक्काही बसल्या. आत काही खुट्ट झालं, जणू एखादं भांडं कुणीतरी पडता पडता धरलं. मावशीला तीन लहान पोरं होती. त्या उन्हात, बंद खोलीत, ती त्यांना चार वाजेपर्यंत कशी गप्प ठेवणार होती?

मी पदर मागे सारला आणि भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिले.

"उठा," मी म्हणाले. "मावशी येनार न्हाई. उठा म्हनते ना!"

भाऊजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अक्कांकडे, जणू बोललं कोण ते त्यांना कळलं नव्हतं. अक्कांनी तोंडावर हात ठेवला. ह्यांनी नुसतं "आगं" म्हटलं. भाऊजी उठले. माझं ऐकून उठले असं मी म्हणणार नाही. आपल्याशी भावजय बोलली या धक्क्यानंच ते उभे राहिले असावेत. पण उठले एवढं खरं.

मी शेजारणीकडे वळले आणि मोठ्यानं बोलले, त्या दाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मावशीला सांगा, भाची येऊन गेली. चांगली हाय म्हनावं. आमी जेवून आलो हुतो, नुसतं भेटायला आलो हुतो. आता लगेच गाडीनं चाललो परत. वाईट वाटून घेऊ नको म्हनावं, माझं काई म्हननं न्हाई." शेजारणीनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "सांगते. अक्षर न् अक्षर सांगते." तिला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त आमच्यातल्या बाकीच्या तिघांना, आणि त्यातल्या ह्यांना कदाचित कळलं असेल, पण ह्यांनी ते आयुष्यभर दाखवलं नाही.

त्या दुपारी भाऊजींना पहिल्यांदा मुंबईत स्वतःच्या पैशानं जेवण विकत घ्यावं लागलं. एका इराण्याकडे उसळ-पाव. प्रत्येक पावाकडे त्यांनी असं बघितलं, की मी माझा सगळा खाल्ला आणि आणखी एक मागवला. गावी परतल्यावर न्हाव्याच्या दुकानात ते सांगायचे, "मुंबईत आता मानुसकी ऱ्हायली न्हाई. आगाऊ कळवून सख्खी मावशी कुर्ल्याला जाऊन बसती." आणि माझ्याबद्दल म्हणे, "धाकलीला मुंबईची हवा लागली." माझ्याशी मात्र ते पुन्हा अक्कांमार्फतच बोलत राहिले. मीही.

मावशी पुढं भेटली ती दोन-तीन वर्षांनी, तिसगावला, एका लग्नात. वाळली होती. पंक्ती उठल्यावर आम्ही दोघी मांडवाच्या मागच्या बाजूला बसलो. तिनं माझी चौकशी केली, मी तिच्या पोरांची केली. त्या रविवारचं ती बोलली नाही, मी बोलले नाही. परतीच्या एसटीची वेळ झाली, अक्का हाका मारायला लागल्या. मी उठले तेव्हा मावशीनं माझं मनगट धरलं आणि खाली बघतच म्हणाली, "मुंबईला ये गं येकदा. येकटी ये."

"येते," मी म्हणाले.

आमच्या घरातली सून तेव्हा एकटी दळण घेऊन गिरणीतही जात नव्हती. मावशीला ते माझ्याइतकंच माहीत होतं. पुढं चार वर्षांनी ती गेली, तोपर्यंत मी एकटी कुठंच गेले नव्हते.